अंगाचं वय

उज्ज्वला बोरसे आणि त्यांचे यजमान सुहासराव एकाच वर्षी जन्मलेले. दोघांनाही एकाहत्तरावं लागलं होतं. चाळीसगावच्या शाळेत मुलींना खो-खो शिकवण्यात उज्ज्वलाबाईंची सगळी नोकरी गेली, आणि सुहासरावांची कापसाच्या जिनिंग मिलमध्ये, फिटर म्हणून. दोघं बाजारात बरोबरच जायचे. फक्त हल्ली सुहासराव वाटेत एखाद्या दुकानाच्या पायरीवर बसायचे आणि म्हणायचे, "तू हो पुढे, मी येतोच."

एका सकाळी चहा गाळताना दोघांचे फोन एकदम वाजले. निरोप सरकारी होता. उज्ज्वलाबाईंनी आधी स्वतःचा वाचला. वास्तव वय कायद्यानुसार आपलं शरीरवय छप्पन्न आहे, आपण ज्येष्ठ नागरिकांत मोडत नाही, सबब प्रवासाची सवलत, मोफत औषधं आणि ज्येष्ठ भत्ता या महिन्यापासून बंद. मग त्यांनी नवऱ्याचा फोन हातात घेतला. त्यावर लिहिलं होतं: शरीरवय सत्याऐंशी. आपला समावेश दिलासा सेवेत करण्यात आला आहे.

"अहो, तुम्ही माझ्याहून एकतीस वर्षांनी मोठे झालात," त्या म्हणाल्या.

"मग आता तरी माझं ऐकत जा," सुहासराव म्हणाले आणि हसले. हसता हसता त्यांना दम लागला. कपावरचा हात काढून त्यांनी टेबलाची कड धरली.

दिलासा सेवा म्हणजे काय, ते त्यांना त्याच आठवड्यात कळलं.

धुळ्याच्या ज्या रुग्णालयात सुहासरावांच्या हृदयाची तपासणी चालू होती, तिथल्या डॉक्टर फरीदा तडवी मोकळ्या स्वभावाच्या होत्या. सुहासरावांच्या हृदयातली एक झडप कडक होऊन अरुंद झाली होती. मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून तिथे नवी झडप बसवायची होती. मोठी चिरफाड नाही, दोन दिवसांत माणूस घरी. तारीखही ठरली होती. त्या दिवशी मात्र डॉक्टरांनी संगणकाचा पडदाच या दोघांकडे वळवला. सुहासरावांच्या नावासमोर लाल अक्षरं होती: शस्त्रक्रिया अमान्य.

"पंच्याऐंशीच्या वर शरीरवय असलं की मोठे उपचार मिळणार नाहीत, असा नियम झालाय," त्या म्हणाल्या. "वेदनाशामक गोळ्या मिळतील. आठवड्यातून एकदा एक बाई घरी येऊन बोलून जाईल."

"काय बोलून जाईल?" सुहासरावांनी विचारलं.

डॉक्टरांनी पडदा परत आपल्याकडे वळवला.

"खासगीत करायचं म्हटलं तर?" उज्ज्वलाबाईंनी विचारलं.

"ही झडप सरकारी परवान्याशिवाय कोणालाच मिळत नाही. आणि बाई, खरं सांगू का, झडप बदलली नाही तर यांच्याकडे फार वेळ नाही. बदलली तर हे चांगली दहा वर्षं जगतील. आकडा काहीही म्हणो."

हा आकडा कसा काढतात, ते उज्ज्वलाबाईंना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी स्वतःच सगळ्या गावाला ते समजावून सांगितलं होतं.

माणसाच्या प्रत्येक पेशीत डीएनएचा धागा असतो. त्या धाग्यावर जागोजागी मिथाइल नावाचे बारीक रासायनिक गट चिकटलेले असतात. कोणतं जनुक जागं राहणार आणि कोणतं झोपणार, हे बरंचसं त्यांच्यावर ठरतं. वय वाढतं तसे काही ठिकाणचे गट गळून पडतात, काही ठिकाणी नवे येऊन बसतात. हे बदल इतके ठरावीक असतात, की रक्ताच्या एका थेंबावरून शरीर किती झिजलंय याचा अंदाज बांधता येतो. धूर, कापसाची धूळ, रात्रपाळ्या, अर्धपोटी गेलेलं बालपण, सततची काळजी, या सगळ्यांनी हे घड्याळ वेगानं पळतं. मोकळ्या हवेत घाम गाळलेल्या, वेळेवर जेवलेल्या, बऱ्यापैकी सुखी माणसाचं ते सावकाश चालतं. शास्त्रज्ञांनी ही तपासणी शोधली ती चांगल्या हेतूनं. वेगानं झिजणारी माणसं वेळीच ओळखावीत आणि त्यांना आधी मदत पोचवावी, असा तो हेतू होता.

आधीच्या सरकारनं राज्यभर रक्ताची पाहणी सुरू केली, तेव्हा या तालुक्यात कोणी पुढे येईना. रक्त घेऊन हे करणार काय, अशी भीती होती. त्या पाहणीचं काम तेव्हा नेत्रा महाजन बघायची. ती उज्ज्वलाबाईंकडे आली.

नेत्रा म्हणजे त्यांच्या घरचीच. शाळेत होती तेव्हा तिची आई गेली. वडील कामासाठी सुरतेला असायचे. खो-खोच्या मैदानावर तिच्याइतकं चपळ कोणी नव्हतं. उज्ज्वलाबाईंनी तिला घरी आणलं ते एका स्पर्धेपुरतं, आणि ती बारावी होईपर्यंत राहिली. बोरशांना मूलबाळ नव्हतं. सुहासरावांनी तिच्यासाठी खिडकीखाली अभ्यासाचं टेबल ठोकून दिलं होतं. पुढे ती पुण्याला शिकली, वकील झाली, पण दिवाळीला इथेच यायची.

"बाई, तुमच्या ज्येष्ठ मंडळानं रक्त दिलं तर सगळा तालुका देईल," ती म्हणाली होती. "हे फक्त मदतीसाठी आहे. माझा शब्द."

तिच्या शब्दावर उज्ज्वलाबाई घरोघर फिरल्या. पहिली सुई स्वतःच्या दंडात टोचून घेतली. दुसरी विमलताई अमृतकरांच्या. विमलताई त्यांच्या जुन्या मैत्रीण, शिवणकाम करून मुलं वाढवलेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्या म्हणाल्या, "तू म्हणतेस ना, मग घ्या माझं."

मग निवडणूक आली. पिढ्यान्‌पिढ्या सत्तेत असलेली आघाडी पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळली आणि नवपर्व नावाचा पक्ष निवडून आला. नेत्रा त्या पक्षाची उमेदवार होती. भर उन्हात ज्येष्ठ मंडळ तिच्यासाठी दारोदार गेलं. शेवटच्या सभेत उज्ज्वलाबाईंच्या हातात माईक आला आणि त्या म्हणाल्या, "सरकारनं आमचं जन्मसाल बघू नये. आमची गरज बघावी." टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी हेच वाक्य पक्षाच्या प्रत्येक फलकावर होतं.

नेत्रा ज्येष्ठ कल्याण मंत्री झाली. आणि तिनं आणलेला पहिला कायदा हा होता.

उज्ज्वलाबाई मुंबईला गेल्या. मंत्र्यांच्या बंगल्यावर त्यांना थांबावं लागलं नाही. नाव कळताच नेत्रा बाहेर आली, वाकून पाया पडली, आत घेऊन गेली.

"बाई, कळवलं असतं तर गाडी पाठवली असती. काका कसे आहेत?"

"काका सत्याऐंशी वर्षांचे आहेत," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "तूच ठरवलंयस ना."

नेत्रानं मान खाली घातली नाही. ती समोर बसली आणि शांतपणे बोलू लागली. कोर्टात बोलत असेल तशी.

"बाई, राज्यातला दर पाचवा माणूस आज म्हातारा आहे. सगळ्यांना सगळं देणं कुठल्याच सरकारला जमणार नाही. आधी काय होत होतं? ज्याची ओळख, त्याला खाट. एखाद्या बड्या माणसाचं चौथं ऑपरेशन, आणि सातपुड्यातल्या पाड्यावरच्या बाईला साधी गोळी नाही. मला असा निकष हवा होता, जो ओळख बघत नाही. रक्त ओळख बघत नाही."

"त्या पाड्यावरच्या बाईचंच वय जास्त निघणार ना गं? जी राबली, तिचंच. तुझे काका कापसाच्या धुळीत उभे राहिले म्हणून म्हातारे. मी मैदानावर शिट्टी फुंकत राहिले म्हणून तरुण. लवकर झिजणाऱ्यांना आधी मदत द्यायची होती ना? तू तर त्यांनाच रांगेतून काढलंस."

"पासष्ट ते पंच्याऐंशीच्या मधल्यांना आधीपेक्षा खूप जास्त मिळतंय, बाई. कुठेतरी रेघ ओढावीच लागते. आणि गरज बघा, जन्मसाल बघू नका, हे तुम्हीच म्हणाला होतात."

या पोरीला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा उज्ज्वलाबाईंनी रात्रभर तिचं पोट शेकलं होतं, आणि ती आता त्यांचंच वाक्य त्यांच्यासमोर ठेवत होती.

"माझ्या रक्तावर तू कायदा उभा केलास, नेत्रा. मला विचारलंस?"

नेत्रानं उठून दार लोटलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "काकांना मी काही होऊ देणार नाही. त्यांचं रक्त परत तपासायला लावते."

"आणि परत तोच आकडा आला तर?"

"येणार नाही."

हा निकष ओळख बघत नाही असं आत्ताच सांगणारी ही पोरगी स्वतःचंच बोलणं ऐकतेय तरी का, हे उज्ज्वलाबाईंना कळेना. पण त्यांना सुहासरावांचा पायरीवर बसलेला चेहरा दिसत होता.

"विमलताईंचंही," त्या म्हणाल्या. "त्यांचं वय शहाऐंशी काढलंय तुम्ही. डोळ्याच्या पडद्यात रक्त झिरपतंय त्यांच्या. महिन्याला इंजेक्शन मिळालं नाही तर दृष्टी जाणार."

"ठीक आहे. काका आणि विमलमावशी. पण बाई, आणखी नावं आणू नका."

उज्ज्वलाबाई भांडायला आल्या होत्या. फाटकातून बाहेर पडताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण तिचे आभार मानून निघालोय.

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. सुहासराव भिंतीला टेकून ऐकत होते.

"नको म्हणता?" उज्ज्वलाबाईंनी विचारलं.

"नाही," सुहासराव म्हणाले. "मला जगायचंय, उज्ज्वला. मी कशाला खोटं बोलू?"

आठवड्याभरात नवा आकडा आला: अठ्ठ्याहत्तर. लाल अक्षरं हिरवी झाली. विमलताईंनाही निरोप आला आणि त्यांची इंजेक्शनं सुरू झाली. आधीच्या तपासणीत चूक झाली होती, एवढंच उज्ज्वलाबाईंनी त्यांना सांगितलं.

झडप बसली. पंधरवड्यात सुहासराव जिना न थांबता चढले आणि वर जाऊन लहान मुलासारखे खाली वाकून बघत राहिले. तीन-चार महिन्यांनी डॉक्टर तडवींनी त्यांना तपासायला बोलावलं. स्वतःला खात्री करायची म्हणून त्यांनी बाहेरच्या एका प्रयोगशाळेत सुहासरावांचं रक्तही पाठवलं होतं. निकाल बघून त्यांनी दोघांना बसवून घेतलं.

"पहिला सत्याऐंशीचा आकडा बरोबर होता," त्या म्हणाल्या. "मधला अठ्ठ्याहत्तर कसा आला, ते मी विचारत नाही. पण आता खरोखर मोजलंय, आणि एकोणऐंशी आलंय."

"म्हणजे हे तरुण झाले?"

"म्हणजे हृदय नीट चालत नव्हतं, सगळ्या अंगाला रक्त कमी पडत होतं, आतून सूज होती. घड्याळ त्या आजारानं पळत होतं. आपण आजाराला वय समजलो. आजार काढला, वय उतरलं." डॉक्टरांनी निकालाचा कागद टेबलावर ठेवला. "बाई, हे घड्याळ हजार माणसांबद्दल खरं बोलतं. एका माणसाबद्दल ते फक्त अंदाज देतं. मी रोज माणसं परत पाठवतेय. त्यातली किती अशी बरी झाली असती, हे कोणाला कळणारच नाही, कारण ऑपरेशन झाल्याशिवाय ते दिसत नाही. पुरावा म्हणून माझ्याकडे एकच माणूस आहे. तुमचे यजमान. आणि त्यांचं ऑपरेशन कसं झालं ते सांगितल्याशिवाय तो पुरावा उभा राहत नाही."

घरी येताना उज्ज्वलाबाई गाडीच्या खिडकीबाहेर बघत होत्या.

कायद्याला वर्ष झालं म्हणून जळगावच्या नाट्यगृहात कार्यक्रम होता. नेत्रानं स्वतः फोन करून दोघांना बोलावलं. पहिल्या रांगेत बसवलं. सभागृह म्हाताऱ्या माणसांनी भरलं होतं. शेवटच्या रांगेत विमलताईही होत्या, मंडळाच्या बसनं आलेल्या.

नेत्रा बोलायला उभी राहिली. बोलता बोलता तिनं पहिल्या रांगेकडे हात केला. "हे माझे काका. ज्यांनी मला मुलीसारखं वाढवलं. काही लोक अफवा पसरवतात, की हा कायदा म्हाताऱ्यांना वाऱ्यावर सोडतो. बघा, काका स्वतःच्या पायांनी चालत आलेत. कायद्यानं त्यांना उपचार दिले. नियम सगळ्यांना एकच, माझ्या घरच्यांनाही." मग ती म्हणाली, "बाई, दोन शब्द बोला ना."

सुहासरावांनी बायकोकडे बघितलं. "बोल," ते हळूच म्हणाले. "मी आहे."

उज्ज्वलाबाईंनी माईक घेतला. त्यांचा आवाज मैदानाला सरावलेला होता, त्यांना माईकची गरज नव्हती.

"मंत्रीणबाई खोटं बोलतायत," त्या म्हणाल्या. "यांना उपचार कायद्यानं दिले नाहीत. कायद्यानं नाकारले होते. मी बंगल्यावर गेले, ओळख काढली, आणि यांचं वय खोटं लिहून घेतलं. तुमच्यापैकी ज्यांची ओळख नाही, ते घरी बसून वाट बघतायत. आणि ऑपरेशन झाल्यावर यांचं वय खरंच कमी झालं. म्हणजे तुमचंही झालं असतं."

नेत्राचा चेहरा उज्ज्वलाबाईंनी बघितला. शाळेत अंतिम सामन्यात बाद झाल्यावर ती अशीच बघायची, जणू कोणीतरी आपल्याला मागून ढकललंय.

त्या संध्याकाळी नेत्रा वाहिन्यांवर बोलली. "बाई मला आईसारख्या आहेत. पण वयोमानाप्रमाणे त्यांचा थोडा गोंधळ होतो, आपण समजून घेतलं पाहिजे." ज्यांना तिच्या खात्यानं छप्पन्न वर्षांच्या ठरवलं होतं, त्यांच्याबद्दल ती बोलत होती. सुहासरावांनी टीव्ही बंद केला आणि बराच वेळ रिमोट हातातच धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सरकारी प्रयोगशाळेतला एक कारकून निलंबित झाला. आणि आदेश निघाला: वर्षभरात झालेल्या सगळ्या फेरतपासण्या रद्द. सुहासरावांच्या हृदयात बसलेली झडप काढून घेणं कोणाला शक्य नव्हतं. विमलताईंचं पुढचं इंजेक्शन मात्र थांबलं.

उज्ज्वलाबाई धावत त्यांच्याकडे गेल्या. विमलताईंनी दार अर्धं उघडलं.

"तुमचं झालं ना?" त्या म्हणाल्या. आजवर त्या उज्ज्वलाबाईंना अगं-तूगं करत आल्या होत्या. "आता कशाला आलात?" आणि दार लावून घेतलं.

ज्येष्ठ मंडळात कोणी भांडलं नाही. फक्त सकाळी बागेत उज्ज्वलाबाई बाकावर येऊन बसल्या, की बोलणं थांबायचं. त्यातले कितीतरी जण आपलीही कुठेतरी ओळख लागेल या आशेवर होते, हे त्यांना हळूहळू उमगलं. काही दिवसांनी त्यांनी बागेत जाणं सोडलं.

डॉक्टर तडवींनी उच्च न्यायालयात अर्ज केला. सुहासरावांचा आधीचा आणि नंतरचा आकडा त्यात होता, आणि उज्ज्वलाबाईंची साक्ष. सरकारी वकिलानं त्यांना विचारलं, "म्हणजे तुम्ही स्वतः फसवणुकीत सामील होतात?" त्या म्हणाल्या, "हो." पावसाळा संपून थंडी सुरू झाली तेव्हा निकाल आला. शरीरवयाच्या आकड्यावरून कोणालाही उपचार नाकारता येणार नाहीत. भत्ते आणि सवलतींचा भाग मात्र तसाच राहिला. नेत्राचं खातं बदललं. तिला आधीपेक्षा मोठं खातं मिळालं. त्या वर्षी दिवाळीला ती आली नाही, आणि तिची वाट कोणी बघितलीही नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उज्ज्वलाबाई परत विमलताईंच्या दाराशी गेल्या. या वेळी दार उघडंच होतं. विमलताई खाटेवर बसून चाचपत मेथी निवडत होत्या. काड्या आणि पानं एकाच ढिगात पडत होती.

"कोण?" त्यांनी मान थोडी तिरकी करून विचारलं. समोरचं दिसायचं बंद झालं होतं, कडेकडेनं थोडं दिसत होतं.

"मी उज्ज्वला. निकाल लागला, विमलताई. इंजेक्शनं परत सुरू होतील."

"ऐकलं रेडिओवर." त्या निवडत राहिल्या. "गेलेलं येणार नाही म्हणतात. राहिलंय ते टिकेल, झालं तर."

उज्ज्वलाबाई उंबऱ्यापाशीच उभ्या राहिल्या. "मला बोलायलाच हवं होतं. ते खोटं मला सहन झालं नाही."

"तू बोललीस ते खरंच बोललीस. त्याबद्दल मी काही म्हणत नाही." विमलताईंचे हात थांबले. "पण माझं नाव तू त्या बंगल्यात नेलंस, ते मला न सांगता. आणि माझा डोळा पणाला लावलास, तोही मला न सांगता. आदल्या दिवशी येऊन म्हणाली असतीस, की विमलताई, मी असं बोलणार आहे, तुझं इंजेक्शन जाईल, तर कदाचित मी बोल म्हणाले असते. आता ते कधीच कळायचं नाही. नेत्रानं तुला विचारलं नव्हतं ना? मग तुझ्यात नि तिच्यात फरक काय, ते तू सांग मला."

उज्ज्वलाबाई आत आल्या, जमिनीवर बसल्या आणि ढिगातल्या काड्या वेगळ्या करू लागल्या. विमलताईंनी त्यांना अडवलं नाही.

बऱ्याच वेळानं विमलताई म्हणाल्या, "मंगळवारी धुळ्याला बोलावलंय. एकटीला बस दिसत नाही मला."

"मी येते."

"माफ केलं असं समजू नकोस."

"नाही समजत," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "सकाळी लवकर येते."